फुलसिंगच्या अंगावरच्या पट्ट्या

बोरी अरबच्या बाजारात ती गोष्ट आधी कानाला लागून फिरली, मग चहाच्या गाड्यावर उघड येऊन बसली. यवतमाळची ती शिकलेली पोरगी म्हणे तांड्यावरच्या फुलसिंगच्या अंगाला जहराच्या पट्ट्या लावायची, कोण्या बाहेरच्या कंपनीसाठी, आणि त्यातच तो गेला. सांगणारा दर वेळी थोड्या पट्ट्या वाढवायचा. मंगळवारी आठ होत्या, शुक्रवारपर्यंत पंधरा झाल्या. एकाने तर ती हातमोजे घालून, चिमट्याने पट्ट्या सोडवताना डोळ्यांनी पाहिली होती. एवढं मात्र खरं होतं.

पोरगी म्हणजे भैरवी. आजोबा तहसिलीत कारकून, वडील नीळकंठराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क होऊन निवृत्त. या घराने दोन पिढ्या शेतीचे कागद हाताळले, पण शेतातलं ढेकूळ कोणी हातात धरलं नव्हतं. अशा घरातली मुलगी कृषी अभियांत्रिकीत पीएचडी करायला निघाली, तेव्हा तिच्या आईला, शोभाताईंना, विद्येपेक्षा रंगाची काळजी पडली. "उन्हानं काळी पडशील. मग पाहायला आलेल्यांना काय थिसिस दाखवायचा?" नीळकंठराव मात्र रोज सकाळी फिरायला जाताना भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "आमची भैरवी डॉक्टर होणार. सुईवाली नाही, खरी."

तिचा विषय असा, की कपाशीवर औषध फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर त्यातलं किती उडतं आणि कुठे उडतं. मोजायची पद्धत सोपी. पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा जाड फिल्टर पेपर घ्यायचा, त्याच्या पाठीला चांदीचा कागद लावायचा, आणि अशा आठ पट्ट्या सेफ्टी पिनांनी कपड्यांवर टाचायच्या: छाती, पाठ, दोन दंड, दोन मांड्या, दोन नडग्या. फवारणी झाली की एकेक पट्टी काढून तपकिरी बाटलीत, बाटल्या बर्फाच्या डब्यात, डबा प्रयोगशाळेत. नियम एकच. माणसाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने फवारायचं. त्याला शिकवायचं नाही, टोकायचं नाही.

आदल्या वर्षी तिचे दोन फवारणीवाले अर्ध्यातच ऊसतोडीला निघून गेले आणि सगळा हंगाम फुकट गेला. तिचे मार्गदर्शक इंद्रजित सर फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "यंदा एकाच माणसाच्या दहा नोंदी आण. नाहीतर विषय सोडू आपण." चार वर्षं झाली होती. सोडायचं म्हणजे नीळकंठरावांना सकाळच्या फिरण्याचा रस्ता बदलावा लागला असता.

म्हणून फुलसिंग. बंजारा तांड्यावरचा, पंचेचाळिशीचा, आसपासच्या गावांत रोजीने फवारणी करणारा. पाठीवर पंप घेतला की त्याचा पाय घड्याळासारखा पडायचा. बरोबर टाकी रिकामी व्हायची तिथेच कपाशीची ओळ संपायची. तो कुठे पळून जाणारा नव्हता. पहिल्या दिवशी भैरवीने संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यात पट्टीसाठी 'निष्क्रिय नमुना-संकलक' असा शब्द तीनदा होता. फुलसिंगने मान हलवली आणि सही केली. सही मात्र झोकदार होती. मग ती पट्ट्या टाचायला लागली तसा तो म्हणाला, "बेटी, तिकिटं लावून मले पाठवतं कुठं?"

त्याची बायको हंसाबाई शेताच्या धुऱ्यावर पाणी घेऊन उभी होती. "जाऊ दे नं वं, दूरच पाठव," ती म्हणाली. "लग्नात बी एवढा सजला नव्हता हा."

"लग्नात कोनं सजवलं व्हतं मले? तुह्या बापानं एक टोपी देल्ली, थेबी ढिली."

अशी मजा चालायची. फवारणी संपली की भैरवी हातमोजे चढवायची, नाकावर मास्क ओढायची, चिमट्याने पट्टी उचलायची, बाटलीचं झाकण घट्ट फिरवायची. पट्टीला स्वतःचं बोट लागू द्यायची नाही. हंसाबाई हे सगळं डोळे बारीक करून बघायची. एकदा तिने विचारलं, "यात का असते बाई?" भैरवी अभिमानाने म्हणाली, "दादांच्या अंगावरचं सगळं औषध यात येतं." प्रयोगशाळेच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

सातव्या नोंदीच्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की फुलसिंगच्या तोंडावर नेहमीचा दुपट्टा नाही. वारा समोरून होता आणि हा सरळ वाऱ्याच्या तोंडात फवारत चालला होता. कपाशी छातीपर्यंत आलेली. तुषार पानांवर कमी आणि त्याच्यावर जास्त बसत होते.

"दादा, दुपट्टा काहून नाही बांधला?" ती त्याची भाषा थोडी उचलायला लागली होती.

"कायले बांधू?" तो हसला, छातीवरच्या पट्टीवर टिचकी मारली. "हे पिते नं सारं. दुपट्ट्यानं जीव गुदमरते बेटी. तुह्या पट्ट्यांवर भरोसा बसला तवापासून मोकळा श्वास घेऊन राह्यलो."

भैरवीने नियम आठवला: टोकायचं नाही. स्कूटीपाशी येऊन वही काढली. पहिल्या चार नोंदींत तिच्याच अक्षरात 'दुपट्टा आहे' असं होतं. पुढच्या तीनमध्ये 'दुपट्टा नाही'. तिने ते नीट लिहून ठेवलं होतं, फक्त वाचलं नव्हतं. दुपट्ट्याची लोंबती टोकं छातीवरून गेली, तसे तिथल्या पट्टीचे आकडे तिप्पट झाले होते. आकडे इतके छान चढताहेत म्हणून गेल्याच आठवड्यात तिने घरी पेढे नेले होते.

तिने सरांना फोन लावला. "सर, त्यांना वाटतं पट्टी औषध शोषून घेते. तोंड बांधणं सोडलंय त्यांनी. सांगू का?"

सर म्हणाले, "सांगितलंस तर तो पुन्हा बांधणार. मग आकडे पुन्हा खाली. परीक्षक विचारेल, नेहमीची पद्धत कुठली ती."

"पण सर—"

"किती राहिल्या?"

"तीन."

"मग दहावी झाली की सगळ्यांना बसव, समजावून सांग, मास्क वाट. तू ठरव बाई. माझं काही नाही."

माझं काही नाही, असं म्हणून फोन ठेवणं हे सरांना फार सुरेख जमायचं. भैरवीने त्याच संध्याकाळी यवतमाळात दहा चांगले मास्क विकत घेतले आणि स्कूटीच्या डिक्कीत ठेवले. दहावी झाली की पहिला मास्क फुलसिंगदादाला, हे तिने मनाशी पक्कं केलं. पक्कं केल्यावर तिला झोपही लागली.

आठवी नोंद पाच दिवसांनी. फुलसिंगचे डोळे लाल होते. वहीत शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं: डोळे लाल. नववी आणखी चार दिवसांनी. तो पंप उतरवून धुऱ्यावर बसला, पाणी तोंडापर्यंत नेताना गडवा हलत होता. "डोकं जड होऊन राह्यलं जरा," म्हणाला. भैरवी डिक्कीपर्यंत गेली. किल्ली फिरवली. डिक्कीत मास्कांचा गठ्ठा तसाच होता, वरचं प्लास्टिक न फाडलेला. एकच तर राहिली, असं ती स्वतःशी म्हणाली आणि बर्फाचा डबा मागच्या सीटला बांधून निघून गेली.

दोन दिवसांनी एका शेतकऱ्याने फुलसिंगला तातडीने बोलावलं. त्या दिवशी भैरवी येणार नव्हती. वारा सोसाट्याचा, दोन औषधं एकत्र कालवलेली, भर दुपार. संध्याकाळी तो उलट्या करत घरी आला आणि हंसाबाईला म्हणाला की तू मले दोन-दोन दिसून राह्यली. ती म्हणाली, "एकच झेपत नाई तुले." ऑटोने दारव्हा, तिथून यवतमाळचा सरकारी दवाखाना.

भैरवीला कळलं तेव्हा ती धावत गेली. फुलसिंगच्या नाकातोंडात नळ्या होत्या. हंसाबाई व्हरांड्यात जमिनीवर बसली होती, मांडीवर त्याच्या कपड्यांची पिशवी. तिने पिशवी उघडून सदरा पसरला. छातीवर पट्टी होती. पाठीवर होती. दोन्ही दंडांवर होत्या. लुंगीवर, मांड्या-नडग्यांच्या जागी, उरलेल्या चार. पाठीला चांदीचा कागद होता, उदबत्तीच्या पुड्यातला. वरचा कागद वहीचा, चार पदरी दुमडून दोऱ्याने टाचलेला. बंजारणीचा टाका तो, एकही इकडे-तिकडे नव्हता. जागा बोटभरसुद्धा चुकल्या नव्हत्या.

"तू येनार नव्हती नं त्या दिवशी," हंसाबाई म्हणाली, "म्हून म्या केल्या. तुह्या पाहून-पाहून." तिने एका पट्टीची कड बोटाने सरळ केली. "कुठं चुकलं बाई? कागद पातळ पडला का?"

याचं उत्तर भैरवीजवळ होतं. ते दिलं असतं तर हंसाबाईच्या पट्ट्या निर्दोष ठरल्या असत्या. ती खाली बघत राहिली. हंसाबाईने ते गप्प राहणं नीट पाहिलं, मान हलवली, आणि सदऱ्याची घडी घालून पिशवीत ठेवला.

"पातळच पडला," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फुलसिंग गेला. तांड्यावर आजही असंच मानतात, की पोरीची पट्टी असती तर माणूस वाचला असता, बायकोच्या हाताला गुण नव्हता. हंसाबाईही तेच मानते. त्या हंगामात तांड्यावरचे दोघे भैरवीच्या घरी येऊन गेले, पट्ट्या मागायला. नीळकंठरावांनी त्यांना चहा पाजला आणि मुलगी गावी नाही म्हणून सांगितलं. मुलगी आतल्या खोलीत होती.

दहावी नोंद झालीच नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले की नऊ पुरेशा आहेत, आकडे बोलके आहेत. भैरवी आता उमरखेडकडच्या एका कॉलेजात शिकवते. स्कूटी तिने विकली. डिक्की रिकामी करताना शोभाताईंना मास्कांचा गठ्ठा सापडला, तो त्यांनी दिवाळीच्या साफसफाईला वापरला.

पट्ट्यांत जहर नव्हतं. जहर उतरवणारं औषधही नव्हतं. अंगावर किती उडालं ते मोजायचा तो कागद होता, त्याने जहर अडत नव्हतं. शेवटच्या दिवशी फुलसिंगच्या अंगावर होत्या त्या पट्ट्या हंसाबाईने केलेल्या होत्या. पट्टी जहर पिते असं फुलसिंगला वाटतं, हे भैरवीला अकरा दिवस माहीत होतं, आणि तिने त्याला सांगितलं नाही.