क्वामे यंदा पहिल्या रांगेत

मंडळी, आज इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या डॉक्युमेंटरी बघून आलो. इथल्या काळ्या कलाकारांवर आणि त्यांच्या वस्तीवर छोट्या छोट्या फिल्म आहेत. त्यातली एक माझ्या दोस्तावर, क्वामेवर. घानाचा गडी. हॉटेलच्या किचनमध्ये माझ्यासोबत राबतो आणि आपल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो.

पडद्यावर क्वामेने आधी बूट काढले, ढोलाच्या पाया पडला, मग ढोल कमरेला बांधला. फिल्मवाल्या पोरीने विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

तो म्हणाला, "ढोल संतोषने शिकवला. बूट काढायला माझ्या आजोबांनी, गावाकडे."

संतोष म्हणजे मीच. अंगावर काटा आला राव.

सोबत आलेल्या क्वामेचा पडद्यासमोर फोटो काढून मी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. एका काकांचं उत्तर आलं, "छान! पण गणपतीत त्याला जरा मागे उभा कर रे. फोटोत आपली माणसं दिसली पाहिजेत."

गेल्या वर्षी मंडळाच्या व्हिडिओत क्वामेचा नुसता हात दिसत होता. मला वाटलं, चुकून झालं असेल.

काका, मी नववी नापास माणूस, मला गोड बोलता येत नाही. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. यंदा क्वामे पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. नाहीतर माझा ताशाही घरी. ताशाशिवाय मिरवणूक काढून दाखवा.

बर्फ पडत असला तरी तो रविवारी सरावाला हजर असतो. तुम्ही फक्त फोटोला येता. आता मंडळी, तुम्हीच बोला, आपला माणूस कोण?