टक् आवाज नक्की कुणाचा?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची लाईन आहे. लाईनवर आम्ही नऊ बायका, आणि त्यात मी एकटी अशी की जिचे सांधे कधीही जागा सोडतात! मग किस्से आपोआप साठतात. कंपनीची बस थेरगावला पोचेपर्यंत आमचं तेच चालतं. पूर्वी ऐकताना मला रडू यायचं, आता मीच रंगवून सांगते.

*

भरतीच्या वेळची मेडिकल. डॉक्टर म्हणाले, "खाली वाका, बोटं पायाला लागतात का बघू."

मी दोन्ही तळवे सपाट फरशीला टेकवले! वर अंगठा वळवून मनगटाला आतून टेकवून दाखवला. डॉक्टरांनी नर्सला हाक मारून पुन्हा करायला लावलं आणि कागदावर लिहिलं, 'एकदम फिट'.

आठवडाभर मी हवेत होते.

*

शिफ्टच्या आधी आमच्याकडे पाच मिनिटं व्यायाम असतो. सुपरवायझर जगदाळे सरांनी मला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं केलं. "हिच्याकडे बघा! याला म्हणतात शरीर!"

मीही चेकाळून रोज जास्तच वाकायला लागले. चौथ्या दिवशी खुंटीवरून डब्याची पिशवी काढताना खांदा सटकला आणि मी मटकन खाली बसले.

सर म्हणाले, "सकाळी रबर आणि दुपारी काच? नाटकं घरी करायची!" मग इतरांकडे वळून, "घरी आमची पोरगी, पिंकी, अशीच. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणते, आणि खेळताना पाय थेट मानेमागे! मी तिचं शुद्धलेखन डबल करून टाकलंय."

सगळ्या हसल्या. मीपण हसले, खांदा धरून.

*

लाईनवर माझ्या शेजारी सुमनताई बसते. इथल्याच गावची, मनाने फार मोठी. ती मला तळेगावकडच्या एका हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. "आमच्या गावची समदी तिथंच जात्यात, तू घाबरू नगंस."

म्हाताऱ्याने माझं बोट धरून ओढलं. ते इतकं मागे आलं की त्यानेच घाबरून सोडलं! पंच्याला हात पुसत तो सुमनताईला म्हणाला, "हिला बसवून काय उपेग न्हाई. हिला बांधून ठिवा!"

*

आमच्या कामाचा नियम सोपा आहे. कनेक्टर ढकलायचा, टक् आवाज ऐकायचा, मग ओढून खात्री करायची. त्या दिवशी अंगठा ठणकत होता, म्हणून ओढायचं राहून गेलं. आवाज आला, मी माल पुढे सोडला.

टेस्टिंग बोर्डावर दिवा लागेना. कनेक्टर अर्धाच बसलेला! सर तणतणत आले. "आवाज ऐकला होतास?"

"ऐकला, सर."

"व्हय सर," सुमनताई म्हणाली, "म्या बी ऐकला!"

मी हळूच सुजलेला अंगठा वर केला. टक् त्याचा होता!

लाईन हसून लोटपोट. पण चुकांच्या फलकावर माझं नाव महिन्यात तिसऱ्यांदा लागलं. सर म्हणाले, "अजून एकदा झालं, तर करार वाढणार नाही."

नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. त्या दिवशी बसमध्ये मी किस्से सोडून महिन्याचा हिशेब करत बसले.

*

शेवटी पिंपरीत एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी अंगठा, कोपर, गुडघे वाकवून पाहिले, आई-मावशीचं विचारलं. मग म्हणाल्या, "सांधे धरून ठेवणारं जे असतं ना, तेच तुमचं जन्मापासून सैल आहे. वाकणं बंद. ताकदीचे व्यायाम करा, बोटांना पट्टी लावा. पूर्ण बरं होणार नाही, पण सांभाळता येतं."

पूर्ण बरं होणार नाही, हे ऐकून मी आनंदाने रडायला लागले! मॅडम गोंधळल्या.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते?"

"नाटक? कोण म्हणालं?"

"सगळेच. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

बाहेर येऊन आधी पोटभर मिसळ खाल्ली. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर फाईल घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. आजार कळल्यावर करार वाढवतील की आजच नमस्कार करतील, काही सांगता येत नव्हतं.

सरांनी कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "तो अंगठा कसा लावून बघतात, दाखव."

मी दाखवलं.

"उद्यापासून टेस्टिंग बोर्डावर बस. तिथे ढकलाढकली नाही, नुसते दिवे बघायचे. कराराचं मी बोलतो."

मी 'थँक्यू' म्हटलं. मी फाईल उचलली, तर सरांनी हातानेच थांब म्हटलं आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. पिंकी समोर शुद्धलेखनाची वही घेऊन बसलेली.

"पिंकी, ही ताई करते तसं करून दाखव."

मी फोनसमोर अंगठा वळवला. तिकडे तिनेही वळवला. तिला तर जोरसुद्धा लावावा लागला नाही.

सर फोन सोडून माझ्या हातातल्या फाईलकडे बघायला लागले. पिंकीनेच घाबरून विचारलं, "पप्पा, चुकलं का?"

"नाही बाळा," सर म्हणाले. "वही मिट."