मूळ प्रत बाहेर देताना

मुलगा गेल्यानंतर त्याचा संगणक आमच्याच घरी राहिला. हिंजवडीहून परतताना कंपनीची बस अडकली, की तो फोनमध्ये काहीबाही बोलून ठेवायचा. ते सारे आपोआप या संगणकावर उतरत असे. सूनबाई खराडीला राहते. तिने संगणक मागितला, तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "तो हलवायला नको. तुला तिथूनच ऐकता येईल अशी सोय करतो."

"तुम्ही, बाबा? कमांड लिहून?"

"वाचता येतं मला."

आपल्याच संगणकावर चालणारा आणि ब्राउझरमध्ये उघडणारा फाइल मॅनेजर असतो, हे मी शोधून काढले होते. दुपारभर सूचना वाचायच्या, एक ओळ टाइप करायची, उठून गॅलरीत जायचे, परत यायचे. जेवण झाले की नाही तेही आठवत नसे. एकदाचा तो सुरू झाला. तिच्या घरून इंटरनेटवरून या संगणकात येण्याचा रस्ता मात्र सूनबाईने फोनवर सांगून माझ्याकडून करून घेतला.

मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले. दुर्मिळ पुस्तकाची मूळ प्रत वाचकाच्या हाती द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची, हे अंगात मुरलेले. म्हणून मी वेगळे फोल्डर केले, ब्राउझरमधून त्याच्या बोलण्याच्या सगळ्या फाइल तिथे चढवल्या आणि सूनबाईला फक्त ऐकण्याची परवानगी दिली.

तिचा लगेच फोन आला. "बाबा, या सगळ्यांवर आजची तारीख आहे."

चढवताना प्रत्येक फाइलवर नवी तारीख बसली होती. नावे तर नुसते आकडे होते. कुठले बोलणे कधीचे, हे सांगणारी तारीखच तेवढी होती.

"ऐकायला काय अडचण आहे?" मी जरा तुटकपणेच विचारले.

"ग्रंथपाल साहेब, मला झेरॉक्स नकोय." मग आवाज उतरला. "त्यात एक आमच्या भांडणाच्या दिवसाचं आहे. माझ्याबद्दल फार वाईट बोललाय तो. रागात मला ऐकवलंही होतं. चुकून तेच लागेल म्हणून मी एकालाही हात लावू शकत नाही. तारीख दिसली तर न ऐकता काढून टाकता येईल."

काढून टाकता येईल. मी फोन ठेवला आणि घरभर फिरलो. त्याचे आवाज आता वाढणार नव्हते; त्यातला एक कमी करायचा? चार दिवस मी तिला फोन केला नाही. मग सेटिंग उघडले. मी चढवलेल्या प्रती पुसल्या, मूळ फोल्डरचा पत्ता दिला. परवानग्यांच्या चौकटींत 'काढून टाकणे' हीही होती. तिथे खूण केली, काढली, पुन्हा केली, आणि तिला फोन लावला.

"आता खऱ्या तारखा दिसतील. काढण्याआधी मी ते एकदा ऐकू का?"

"नको ना, बाबा."

"बरं."

मी समोरचे पान पुन्हा पुन्हा ताजे करत राहिलो. यादी तीच. पुन्हा तीच. मग खालच्या ओळी एक घर वर सरकल्या.

"गेलं," ती म्हणाली.

कुठली तारीख गेली, ते मी शोधले नाही. शोधले असते तर सापडलेही नसते, इतके डोळे भरून आले होते. फोन तिने बंद केला नव्हता. पलीकडे काहीतरी क्लिक झाले, गाड्यांचे हॉर्न ऐकू आले आणि पाठोपाठ तो, वैतागलेला: "अगं, ड्रायव्हरने पुन्हा तीच गाणी लावलीयेत. अर्धी बस झोपलीय, मलाच मेलं ऐकावं लागतंय."

सूनबाई हसली. मी खुर्चीतून उठलो होतो, तो परत बसलो.