मुकी आणि बोलकी

तिला भिंगमावशी म्हणायला तिच्या भाच्याने सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या गावाने ते नाव उचललं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं एक छोटं भिंग कायम लोंबत असायचं. जेवताना ते ताटात बुडायचं, मग पदरापेक्षा जास्त काळजीने ती ते पुसायची. तिची उभी हयात सरकारी बागेतल्या एका खोलीत गेली. तिथे वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून कपाटात ठेवतात. त्या खोलीतल्या डांबरगोळ्यांचा वास तिच्या कपड्यांत इतका मुरला होता, की लग्नकार्यात शेजारची बाई नाक मुरडून खुर्ची बदलायची. मावशीला त्याचं काही वाटत नसे. ‘मला कसर लागणार नाही,’ असं ती म्हणायची.

लग्न तिने केलं नाही. जीव लावला तो दोनच गोष्टींना, धाकट्या बहिणीला आणि रानातल्या दोन पिवळ्या फुलांना. फुलं लिलीच्या कुळातली. थंडी सरली, की झाडांना पालवी फुटायच्या आत ती जमिनीलगत उमलून घ्यायची आणि महिन्याभरात पानांसकट मातीत गडप व्हायची. दोघींची पानं सारखीच ठिपक्यांची, रंग सारखाच, मान सारखीच खाली घातलेली. फरक काय तो फुलाच्या मधोमध असलेल्या बारीक दांडीच्या टोकाला. एकीचं टोक मिटलेलं, तर दुसरीचं तीन फाळ्यांत उघडून बाहेर वळलेलं. मिटलेलीला मावशी मुकी म्हणायची, उघडीला बोलकी. मुकी पैशाला पासरी. बोलकी त्या भागातून कधीच नाहीशी झाली, असं सगळे धरून चालले होते. आणि फूल नसेल तर संपलंच. बी रुजल्यापासून फूल यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर दोघीही एकेकच पान वर काढतात, आणि त्या पानावरून ब्रह्मदेवाच्या बापालाही ओळख पटायची नाही.

हे सगळं धाकटीलाही तोंडपाठ होतं. तिचं घर रानाच्या कडेलाच होतं, मागच्या दाराची पायरी उतरली की रान सुरू. मावशी सुट्टीच्या दिवशी तिथे जायची आणि दोघी गुडघे टेकून फुलांच्या माना वर करून बघत बसायच्या. धाकटीचा नवरा म्हणायचा, “देवाने एक बहीण दिली असती तरी भागलं असतं.”

मग रस्ता आला. नगरपालिकेने नकाशावर रेघ ओढली ती रानातून आणि धाकटीच्या स्वयंपाकघरातून. रानात बोलकी सापडली तर रस्ता खाणीकडून वळवायचा, असं ठरलं. आणि ते सांगायचं कुणी? भिंगमावशीने. तिने कधी कुणाच्या तोंडाकडे बघून झाडाचं नाव सांगितलं नव्हतं, म्हणून दोन्ही पक्षांना ती चालत होती.

तपासणीच्या सकाळी धाकटीने तिला चहा दिला आणि समोर बसली.

“ताई, बोलकी म्हण.”

“असली तर म्हणेन.”

“नसली तरी म्हण. कोण बघायला येतंय? तुझ्याशिवाय कुणाला कळतंय का त्यातलं?”

“म्हणून तर खोटं सांगता येत नाही गं.”

“माझं घर जाईल ताई. तुझं काय जाणार आहे?”

मावशीने चहा अर्धा टाकला आणि उठली. दिवसभर ती रानात वाकून हिंडली. जेवढी फुलं उमलली होती तेवढी सगळी तिने भिंगाखाली बघितली. सगळी मुकी. एकपानी रोपांची तर नुसती सतरंजी पसरली होती, पायरीपर्यंत. त्यांच्याकडे बघायचं तरी काय!

नगरपालिकेच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, “रानात मुकीच आहे.” एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, “आणि ती बिनफुलांची? ती तर हजारांनी आहेत.”

“शितावरून भाताची परीक्षा,” मावशी म्हणाली. लोक हसले. तीही हसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बोलण्यावर सभागृह हसलं होतं, आणि तिला ते आवडलं होतं.

घर पडलं. धाकटी मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला गेली. जाताना कपडे धुवायचा जुना टब भरून पायरीजवळची माती, त्यातल्या एकपानी रोपांसकट, तेवढी घेऊन गेली. ताईशी ती पुन्हा बोलली नाही. मावशी जायची, भाचा दार अर्धं उघडून म्हणायचा, “आई झोपलीय.” आतून भांड्यांचा आवाज येत असायचा. मावशी हातातली पिशवी देऊन जिने उतरायची आणि वाटेत स्वतःला सांगायची, की खरं बोलणाऱ्याला एवढं सोसावंच लागतं. त्या एका वाक्याच्या टेकूवर तिने बरीच वर्षं काढली. मेव्हणा गेला तेव्हाही बहिणी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, पण धाकटीने मान वळवली नाही.

मग एका थंडीत धाकटीही गेली.

थंडी सरता सरता भाचा धापा टाकत मावशीच्या दारात आला. हातात टब होता.

“ही घाण तुम्हीच ठेवा मावशी. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा नाही.”

टबात मूठभर पानं होती आणि एकच पिवळं फूल, मान खाली घालून. मावशीने सवयीने बोटाने त्याची हनुवटी वर केली, भिंग डोळ्याला लावलं. टोक तीन ठिकाणी उघडलेलं होतं आणि तिन्ही फाळ्या बाहेर वळलेल्या होत्या. तिने भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं.

“ही माती कुठली?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

“मागच्या पायरीची. तुम्हाला माहीत नाही का?”

म्हणजे त्या सतरंजीत बोलकी होती. तिच्या पायाखाली होती. फुलायला तिला अजून वेळ हवा होता, आणि मावशीला सभेत हशा हवा होता.

“याच वर्षी फुललं?”

“छे! तीन वर्षं झाली. पहिल्यांदा फुललं तेव्हा आई दिवसभर त्याच्यापुढे बसून होती. मी म्हटलं, मावशीला बोलावू का? त्यांना आवडेल.”

“मग?”

“म्हणाली, मी आहे तोवर हे ताईला दाखवायचं नाही.” भाच्याने हात झटकले. “एवढा कसला राग धरला होता, देव जाणे.”

तो राग नव्हता, हे मावशीला कळलं होतं. राग असता तर धाकटीने तो टब तीन वर्षांपूर्वीच तिच्या दारात आणून आपटला असता.