अडीच बोटं वर

उंच माणसाचं कौतुक घरच्यांना फक्त माळ्यावरचं पातेलं काढायच्या वेळी असतं. एरवी एसटीत त्याचे गुडघे पुढच्या सीटला घासतात, चौकटीला कपाळ आपटतं आणि आजूबाजूचं कुणीतरी हसतं. या सगळ्याला मी सरावलो होतो. पण सत्तरचं दशक संपत आलं त्या उन्हाळ्यात माझी उंची माझ्या कामावरच उठली, तेव्हा मात्र मला तिचा मनापासून राग आला.

मी हिंगणघाटकडे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. खरं म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण जनावराला सुई टोचतो तो डाक्टर, एवढं गावाला पुरे होतं. वडनेरपासून जामपर्यंत सगळे मला डाक्टरच म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मृग लागायच्या आत गावोगावच्या गुरांना घटसर्पाची लस द्यायची, हे आमचं उन्हाळ्यातलं मोठं काम. लस बर्फाच्या पेटीत, पेटी मोटरसायकलच्या मागे बांधलेली, आणि सकाळी सातच्या आत मी रस्त्यावर. गावात शिरलो की कुणी चहा आणायचं, कुणी बैलाचं वर्षभराचं दुखणं सांगायचं, कुणी बैलाचं सोडून स्वतःचं. त्या फिरतीवर माझा जीव होता.

गाडी जुनी, देवळीच्या एका हौशी दुकानदाराकडून घेतलेली. शर्यतीची ऐट यावी म्हणून त्यानं मूळचं हँडल काढून एक सपाट, बुटकं हँडल बसवलं होतं आणि मूळचं भंगारात घालून मोकळा झाला होता. दुकानदार स्वतः बुटका, त्याला ती ऐट शोभत असेल. मी बसलो की पाठीची कमान व्हायची आणि छातीचा सगळा भार दोन मनगटांवर यायचा. पहिलं वर्ष कसंबसं सोसून काढलं. दुसऱ्या वर्षी बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि उतरल्यावरही त्या अर्धा-पाऊण तास जात नसत.

लस टोचताना डाव्या हाताच्या चिमटीत जनावराच्या मानेची कातडी उचलून धरायची आणि उजव्या हातानं सुई नेमकी त्या घडीत घालायची असते. बोटंच बधिर असतील तर ना चिमटी धरते ना सुई. त्या वैशाखात वडनेरला एका पांढऱ्याशुभ्र गवळाऊ बैलाच्या मानेवर माझी सुई दोनदा वाकली. तिसऱ्यांदा बैलानं मान झटकली आणि लसीची बाटली खाली पडून फुटली. बैलाचा मालक तोंडानं फटकळ.

"डाक्टर, पयले सोताले टोचून घ्या एक सुई! हात पाहा कसे थरथर करून राह्यले!"

सगळं गाव हसलं. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

ही गोष्ट वर्ध्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले नाहीत. त्यांनी बोलावून घेतलं. साहेब पुण्याकडचे, बोलणं शांत.

"तुमच्याबद्दल माझं मत वाईट नाही," ते म्हणाले. "पण लस वाया जाते आणि जनावरं राहून जातात. इथे आवक-जावकचं टेबल रिकामं आहे. बसून काम. तुमच्या पाठीलाही बरं."

बरं म्हणे! त्या टेबलासमोर खिडकी होती आणि खिडकीसमोर भिंत. मी हात जोडून पंधरा दिवस मागितले. साहेबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी मी स्वतः तुमच्याबरोबर फिरतो. एका दिवसात चार गावं. हात चालला तर फिरती तुमची, नाही चालला तर दुसऱ्या दिवसापासून टेबल तुमचं.

मग सुरू झाले उपाय. बायकोनं तिळाच्या तेलानं पाठ चोळली. कमरेला पट्टा बांधला. सीटवर उशी बांधून पाहिली, तर मी आणखी उंच झालो आणि हँडल आणखी खाली गेलं. ही अक्कल मला दहा मैल गेल्यावर आली. नागपूरहून दुसरं हँडल मागवलं, त्याची नळी पकडीत बसेना. डॉक्टर म्हणाले गाडी सोडा, मेकॅनिक म्हणाला गाडी विका. अशा सल्ल्याला काही अक्कल लागत नाही. पाच दिवस हातचे गेले.

सहाव्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या सुतार मिस्त्रींनी गाय दाखवायला बोलावलं. पावसाळ्याआधी त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. दुरुस्तीला आलेली शेतीची अवजारं, वखर, तिफणी, डवरे, सगळीकडे पसरलेली. मी गाडीवरून उतरलो तसे मिस्त्री हातातली लाकूड तासायची वाकस खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"डाक्टर, तुमी उतरता का पडता?"

"पाठ गेली मिस्त्री."

ते उठले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, हँडलवर हात ठेवला आणि विचारलं, "हे रुमनं कोनाच्या मापाचं हाय?"

रुमणं म्हणजे वखराची उभी मूठ, जी धरून माणूस मागून चालतो. आमचे मिस्त्री माणूस समोर आल्याशिवाय रुमणं करत नसत. त्याला अनवाणी उभं करायचं, जमिनीपासून बेंबीच्या वर चार बोटांपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. त्यांच्या भिंतीवर अशा गाठी मारलेल्या पंचवीस-तीस सुतळ्या खिळ्यांना लटकलेल्या होत्या. कोणती सुतळी कुणाची ते फक्त त्यांना ठाऊक.

"बापाचा वखर पोराकडं गेला का आपुन रुमनं बदलवतो," ते म्हणाले. "वखर तोच, पन मानूस बदलला ना! तुमी बुटक्याचं रुमनं धरून राह्यले अन् पाठ काऊन दुखते म्हनता!"

मी थक्क झालो. दोन वर्षांत एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता, मला तर नव्हताच नव्हता. मिस्त्रींनी तिथल्या तिथे मला चपला काढायला लावल्या, अंगणाच्या मधोमध उभं केलं, सुतळी धरली, गाठ मारली. मग तशीच सुतळी हँडलजवळ धरली आणि बाभळीचे दोन ठोकळे तासून दिले, चांगले वीतभर उंच. ते नमुने घेऊन मी हिंगणघाटला लेथवाल्याकडे गेलो. त्यानं तसेच लोखंडी ठोकळे केले, हँडलच्या दोन्ही पकडींखाली एकेक बसवला, लांब बोल्ट घातले आणि माझ्याकडे एकदा संशयानं पाहिलं. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती.

हँडल माझ्या हनुवटीसमोर आलं. दोन्ही हात वर. बायको दारातच उभी होती.

"हे काय? गाडी चालवून राह्यले का झाडाले लटकून राह्यले?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि जामच्या रस्त्याला लागलो. पाठ सरळ होती, हे मात्र खरं. पण पाच मैलांत खांदे भरून आले, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न वाजवून हसत होता. हेही मी सोसलं असतं. जामच्या अलीकडे डावीकडे वळण आहे. तिथे हँडल वळवलं मात्र, गाडी एकाएकी डरकाळी फोडून पळत सुटली. हँडल इतकं वर गेल्यानं सगळ्या तारा ताणल्या होत्या. वळवताना अॅक्सिलरेटरची तार आपोआप खेचली गेली आणि मी गाडीसकट एका घरापुढे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलो. चुलीसाठी वर्षभराच्या कपाशीच्या काड्या साठवल्या होत्या बिचाऱ्यांनी. त्या काड्यांनी मला वाचवलं, पण शर्टाच्या चिंध्या झाल्या. घरातल्या म्हातारबाबांनी मला बाहेर ओढलं आणि पाणी देत विचारलं, "गाडी शिकून राह्यले का बाप्पा?" पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला!

परत आलो तो तडक मिस्त्रींच्या अंगणात. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"डाक्टर, तुमी गाडी उभ्यानं चालवता का बसून?"

"बसून."

"मंग म्या तुमाले उभं काऊन केलं?" त्यांनी कपाळावर हात मारला. "वखरवाला चालते, म्हनून त्याले उभं करतो. जनम गेला उभ्या मानसाचं माप घेन्यात. पन तुमी शिकले-सवरले, तुमी काऊन राह्यले उभे?"

 आधी मला हसू आलं, मग त्यांना, आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दुसरं माप त्यांनी गाडीवर बसवून घेतलं. जुने ठोकळे काढले, हँडल पुन्हा खाली बसवलं. मला डोळे मिटायला सांगितले, पाठ सरळ ठेवायला सांगितली, हात आधी खाली सैल सोडायला लावले आणि मग आपोआप पुढे येतील तसे आणायला लावले. "मुठी कशाले आवळता? गाय चाटून राह्यली समजा," म्हणाले. माझे हात हवेत जिथे थांबले तिथपासून हँडलपर्यंत त्यांनी आपली बोटं आडवी धरून मोजली. अडीच बोटं. आणि हँडल जरासं माझ्याकडे कललेलं. बस, एवढंच! एवढ्यानं काय होणार, असं मला वाटलंच, पण पऱ्हाट्यांचे ओरखडे ताजे होते म्हणून गप्प बसलो.

लेथवाल्यानं या वेळी जिनिंगमधल्या, कापसातली सरकी काढायच्या जुन्या रेच्याच्या दांड्यातून दोन ठोकळे काढले आणि फ्रेमला आवळून बांधलेल्या तारा सोडवून मोकळ्या केल्या. मिस्त्री स्वतः हिंगणघाटला आले होते. गाडी चालू करून त्यांनी मला हँडल दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे पूर्ण वळवायला लावलं, आणि इंजिनाचा आवाज जराही बदलत नाही याची खात्री झाल्यावरच मागे बसले.

त्या दिवशी घरी येताना मी आमचं गाव मागे टाकून पुढे निघून गेलो. मिस्त्री मागच्या सीटवरून ओरडत होते, पण मला थांबवेना. पाठ सरळ, खांदे सैल, मनगटांवर काही भारच नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला रस्त्याच्या कडेची शेतं दिसत होती. इतके दिवस मी फक्त पुढचं चाक बघत होतो. पाच-सहा मैल गेल्यावर गाडी थांबवली आणि बोटं उघडमीट करून पाहिली. एकाही बोटाला मुंगी नव्हती. मी मिस्त्रींना रस्त्यातच मिठी मारली. ते अवघडले आणि म्हणाले, "गायीचं औषध तं देजो आता."

ठरल्या दिवशी साहेब जीपनं आले. ते पुढे, मी मागे. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. पहिल्या गावात साठ जनावरं, दुसऱ्यात त्याहून जास्त. तिसरं वडनेर. फटकळ मालक आपला गवळाऊ घेऊन सगळ्यात पुढे उभा. मी चिमटीत कातडी धरली, सुई आत गेली, बाहेर आली. बैलानं शेपूटसुद्धा हलवली नाही. मालकानं एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि न सांगता दुसरा बैल सोडून आणला. चौथ्या गावी पोचेपर्यंत साहेबांचीच कंबर धरली होती; जीपमधून उतरताना त्यांना ड्रायव्हरचा हात धरावा लागला. मी तोवर बर्फाची पेटी उतरवून सुया उकळायला ठेवल्या होत्या. मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसलो.

शेवटचं जनावर झाल्यावर साहेबांनी कडुनिंबाखाली बसून डायरी उघडली.

"टेबलाचा विषय संपला," ते म्हणाले. "आता एक सांगा. रस्ता वाईट म्हणून कुणी जात नाही अशी ही सात गावं. पावसाच्या आत होतील?"

"होतील."

त्यांनी नावं वाचून दाखवली. मी ऐकली आणि हातातला सुयांचा डबा खाली ठेवला.

"साहेब, एक राहिलं. नदीपलीकडचं. तुमच्याकडे ते झालेलं दिसत असेल, पण झालेलं नाही. गेल्या साली मी तिकडे निघालो आणि पाठीला घाबरून अर्ध्या वाटेतून परत आलो. लस दिली असं खोटं लिहिलं. पावसाळ्यात तिथली नऊ जनावरं घटसर्पानं मेली."

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.  साहेबांनी डायरीत आठवं नाव लिहिलं.

"केव्हा जाल?"

"उद्या."

नदीपलीकडचा तो रस्ता म्हणजे नुसती चाकोरी आणि दगड. मी तो एका दमात, न उतरता पार केला. गावात पोचलो तेव्हा आठ वाजत होते. साहेबांनी काल संध्याकाळीच निरोप धाडून दवंडी पिटवली होती, तरी चावडीपुढे एकही जनावर नव्हतं. पारावर बसलेल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. गेल्या सालच्या दवंडीला कुणी आलं नव्हतं, म्हणून त्या गावाचा आता दवंडीवर विश्वास नव्हता, आणि तो माझ्यामुळे उडाला होता. मी गाडी चावडीसमोर लावली, सरळ बसलो आणि हॉर्न दाबून धरला. पहिल्या गोठ्याचं दार उघडून एक बाई गाय घेऊन बाहेर येईपर्यंत तो सोडला नाही.