सासूबाई, जावई आणि रिवेट गन

त्याला सगळे भिंगरी म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बसलं मात्र चपखल. त्याचं बूड कुठे टेकत नसे. जेवताना एक पाय टेबलाखाली हलत राहायचा आणि बायकोनं हात ठेवून तो थांबवला की दुसरा सुरू व्हायचा. नोकऱ्या त्यानं कपडे बदलावेत तशा बदलल्या. लिफ्टचं काम तेवढं टिकलं, कारण तिथे रोज इमारत नवी आणि बिघाडही नवा.

विमानाचं खूळ डोक्यात शिरलं ते याच कामापायी. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर मनोऱ्याची लिफ्ट अडकली होती. ती चालू करून तो वरच्या खिडकीशी घाम पुसत उभा राहिला, तर खाली एक बाई छोटंसं विमान एकटीच ढकलत नेत होती, बंद पडलेली स्कूटर न्यावी तसं. विचारल्यावर कळलं की ते तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घरामागच्या शेडमध्ये बनवलं होतं. झालं! घरी येईपर्यंत भिंगरीचं चित्त जमिनीवर राहिलं नव्हतं.

नकाशे आले, अॅल्युमिनियमचे पत्रे आले, शेडमधली अडगळ बाहेर गेली. आधी शेपटीचं सुकाणू करायचं ठरलं. पत्रे जोडायचे ते रिवेट ठोकून, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकानं बाहेरून रिवेटच्या डोक्यावर हवेच्या दाबावर चालणारी गन टेकवून चाप ओढायचा, दुसऱ्यानं आतून रिवेटच्या शेपटाला पोलादी ठोकळा दाबून धरायचा. गनच्या ठोक्यांनी रिवेटचं शेपूट ठोकळ्यावर चेपलं जातं आणि पत्रे कायमचे एकमेकांना धरून बसतात.

त्याची बायको इस्पितळात नर्स होती. तिनं सरळ सांगितलं, "दिवसभर लोकांचे हात धरते. घरी आल्यावर तुझा ठोकळा धरायची नाही."

तिची आई, म्हणजे भिंगरीच्या सासूबाई, त्यांच्याकडेच राहायच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. हात लहान, मनगट बारीक, सुकाणूच्या अरुंद पोटात सहज जाणारं. त्या म्हणाल्या, "मी धरते. नुसती भिंतीकडे बघत बसते, त्यापेक्षा बरं."

ठोकळा जागेवर बसला की त्या आतून म्हणायच्या, "बोला." इतक्या वर्षांची सवय. मग भिंगरी चाप ओढायचा.

पहिली गन त्यानं ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आणली. खरं तर ती गंजलेले भाग तोडायची हवेची छिन्नी होती. पुढे रिवेटचा साचा बसवला की झालं, असं त्याला वाटलं. पण तिच्या चापाला मधली चाल नव्हती. एक तर गप्प, नाही तर धडधडाट. साचा घसरला आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखे वळ उठले. मग त्यानं एका मोडीत निघालेल्या कारखान्यातली भलीदांडगी रिवेट गन पैदा केली. तिनं दोन ठोक्यांत रिवेटचा पार भुगा केला. तिसरी इतकी नाजूक निघाली की ती टकटक करत राहायची, रिवेट मार खाऊन खाऊन कडक व्हायचा आणि शेवटी कडेनं तडकायचा. बिघडलेला प्रत्येक रिवेट ड्रिलनं उडवायचा, भोक मोठं व्हायचं, भिंगरीचं डोकं फिरायचं.

"गनच तशी आहे," तो दर वेळी म्हणायचा आणि चौथीच्या शोधाला लागायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतानाही हात हवेत चाप ओढत असायचा. बायको म्हणाली, "विमान राहू दे, आधी तू जाग्यावर ये." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

धावपट्टीजवळ एक हत्यारवाला होता. गन विकण्याआधी तो ती चालवून बघू द्यायचा. भिंगरी निघाला तेव्हा सासूबाईही चपला घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला, आई? उगाच कंटाळाल."

"बघू तरी," त्या म्हणाल्या.

हत्यारवाल्यानं शिकंज्यात पत्र्याच्या दोन पट्ट्या अडकवल्या आणि तीन गन पुढे मांडल्या. भिंगरी एक उचलायचा, दोन रिवेट ठोकायचा, ठेवायचा, दुसरी घ्यायचा, परत पहिली. हिची मूठ बरी, पण वजन पुढे झुकतंय. हिचा आवाज खणखणीत, पण चाप चिवट. हत्यारवाला ठोकळा धरून धरून जेरीस आला. म्हणाला, "साहेब, कुठलीही न्या, पण एक न्या."

सासूबाई स्टुलावरून उठल्या. "जावईबापू, आता ठोकळा तुम्ही धरा. गन मी चालवते."

भिंगरी हसला, पण त्यानं ठोकळा घेतला. त्यांनी तिन्हींतली सगळ्यात मोठी गन दोन्ही हातांनी धरली आणि चाप ओढला. ठोकळा त्याच्या मुठीत उसळला, झिणझिण्या थेट कोपरापर्यंत गेल्या, एक बोट चेमटलं. त्याच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. शेडमध्ये होती ती तर हिच्याहून आडदांड होती.

त्यानं बोट चोखलं. मग म्हणाला, "आई, इतके दिवस हे असं लागत होतं? तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. जरा हळू, म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, गनच तशी आहे."

त्याला कुठे तोंड लपवावं कळेना. त्यानं ठोकळा पुन्हा उचलला. "बाकीच्या दोन्ही चालवा. मी सांगतो."

मधली गन सावकाश ठोके द्यायची. चाप जरासा दाबला की जरासाच मार, पूर्ण दाबला की पूर्ण. ठोकळ्याच्या बाजूनं प्रत्येक ठोका वेगळा कळत होता आणि कुठे थांबायचं तेही. रिवेटचं शेपूट छान गोल, बेतशीर बसलं. मूठही सासूबाईंच्या हातात मावत होती. भिंगरीनं तीच उचलली.

जुनं सुकाणू त्यानं टाकून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अरुंद जागी सासूबाई आत, मोकळ्या जागी त्या बाहेर आणि तो आत. ठोकळा धरायचा म्हणजे हलायचं नाही. ते त्याला फार जड गेलं. पहिल्या काही दिवसांत तो हलला की त्या चाप सोडून नुसत्या बघत राहायच्या, मग तो पाय सावरायचा आणि म्हणायचा, "बोला."

विमान पुरं व्हायला कैक वर्षं गेली. तपासनीस येऊन गेला, कागद झाले. पहिल्यांदा ते एका मुरलेल्या वैमानिकानं वर नेलं. भिंगरीला बघवेना. तो कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होता, पाठ आकाशाकडे. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"दिसतंय का, आई?"

"दिसतंय."

"कसं दिसतंय?"

"वर आहे."

विमान उतरलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. पुढे तो स्वतः उडवायला शिकला. सासूबाईंना दोनतीनदा विचारलं, त्या म्हणाल्या, "मी ते आतून बघितलंय, तेवढं पुरे." एका संध्याकाळी जेवताना त्यानं मध्येच घास थांबवला. "डाव्या पंखाच्या टोकाचे दोन रिवेट मला अजून पटत नाहीत."

"ते मी ठोकलेत," सासूबाई म्हणाल्या. "जेवा."

तो जेवला. सकाळी कामावर जाण्याआधी मात्र धावपट्टीवर जाऊन त्यानं टॉर्च लावला आणि ते दोन्ही नीट निरखले. बिनचूक होते. मग तो उजव्या पंखाकडे वळला.