खिडकीबाहेरचा हात

पूर्वी वसईत प्रत्येक मिनीबसला मालक आपल्या आवडीचा रंग द्यायचा. त्यातल्या एकाची पोपटी होती. मालक तोच, ड्रायव्हरही तोच. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, पण गिरीजहून स्टेशनला मी त्याच्याच बसने जायचो. वाटेत भाजीवाल्या उभ्या असत. टोपली दिसली की बाकीचे ड्रायव्हर गाडी पुढे काढायचे. हा मात्र उतरून टोपली स्वतः टपावर चढवायचा. मी घड्याळ बघत चरफडायचो.

मग बसवाल्यांनी मिळून सोसायटी काढली. गाड्या सोडायचे नंबर ठरले, प्रवाशांवरून होणारी भांडणं मिटली आणि सगळ्या गाड्या एकजात पांढऱ्या झाल्या. एक म्हातारी भाजीवाली त्याच्यावर खेकसलीच, "आता तुजी गाडी वळखायची कशी रे? सगळ्यांना हात केला, एक थांबली तर शप्पत!"

"रंग सोसायटीचा, मावशी," तो हसला, "पन हात माजाच हाय ना?"

दुसऱ्या दिवसापासून तो उजवा हात खिडकीबाहेर काढून पत्र्यावर थापा मारत येऊ लागला.

पुढे मोठ्या सिटी बस आल्या आणि सोसायटीच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या. एकदा सिटी बसमध्ये तो माझ्या पुढच्याच सीटवर दिसला, खिडकीशी, केस पिकलेले. गिरीजच्या वळणावर त्याचा हात आपोआप बाहेर गेला आणि पत्र्यावर थाप पडली. रस्त्याकडेच्या भाजीवालीने लगबगीने टोपलीला हात घातला.

बस थांबली नाही.

त्याने हात आत घेतला. पुढच्या स्टॉपवर तो उतरला आणि मागे वळून त्या टोपलीकडे चालत निघाला.